किती दारू? आजोबांचं माप आणि '१८.५ टन'

सुरुवातीलाच सांगून टाकतो, या प्रश्नाचं उत्तर मी एकदा चुकीचं दिलं होतं. तेही फोनवर, घाटकोपर स्टेशनच्या पुलावर, संध्याकाळी साडेसहाच्या गर्दीत मेट्रोच्या रांगेकडे ढकलला जात असताना.

फोन कुडाळजवळच्या आमच्या गावातून, काकांचा. "काय रे झिला, तू त्या दाबावरच शिकतंस मां? काडतुसातली दारू ठासणीत घातली तर चलात काय? नुसतो आवाज करूचो हा, माकडां आयकणत नाय."

मी म्हणालो, "चालेल, पण कमी घाला. निम्मी." आणि फोन कट झाला.

ज्यांचं कोकणाशी नातं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेती संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळतो आणि जुन्या घरांत तो पिढीजात चालत येतो. आमच्याकडे आजोबांची ठासणीची बंदूक आहे. ठासणीची म्हणजे तोंडाकडून भरायची. आधी काळी दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि मागच्या बाजूला बोंडीवर केप. घोडा पडला की केप पेटते आणि ती आतली दारू पेटवते. म्हणजे अमेरिकेतले हौशी लोक ज्याला 'हँडलोडिंग' म्हणतात, काडतूस स्वतःच्या हाताने भरणं, ते आमचे आजोबा दर वेळी करत होते. फक्त काडतुसाच्या जागी सगळी नळीच होती. माप होतं पितळेची एक छोटी वाटी. वजनकाटा नाही. इतकी वाटी भरून घ्यायची, बस.

काकांची अडचण अशी की काळी दारू हल्ली सहज मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेजाऱ्याकडे काडतुसाची बंदूक आहे. त्याच्याकडून एक काडतूस घेऊन, फोडून, आतली दारू वापरली तर? (हे कायद्यातही बसत नाही, त्याबद्दल पुढे.)

आता 'निम्मी' हा आकडा माझ्या तोंडून कुठून आला, ते सांगणं भाग आहे. कारण तो हवेतून आला नव्हता. तो इतिहासातून आला होता, आणि म्हणूनच तो जास्त धोकादायक होता.

१८८८ साली ब्रिटिश लष्कराने ली-मेटफर्ड ही .३०३ रायफल घेतली. आपल्याकडे पोलिसांच्या हातात वर्षानुवर्षं दिसलेली 'थ्री-नॉट-थ्री' याच घराण्यातली. पहिल्या काडतुसात काळी दारूच होती, दाबून केलेल्या वडीच्या रूपात, साधारण ७० ग्रेन. (ग्रेन हे जुनं वजन, एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम.) दरम्यान फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने १८८४ साली बिनधुराची दारू बनवली होती आणि १८८६ ची लेबेल रायफल त्यावर चालत होती. ब्रिटिशांनी घाईघाईने उत्तर शोधलं. फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी १८८९ साली कॉर्डाइट आणलं. ते नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन यांचं मिश्रण, शेवयांसारख्या दोऱ्यांत ओढलेलं. १८९१ साली .३०३ च्या काडतुसात कॉर्डाइट आलं, आणि ते भरलं गेलं साधारण ३० ग्रेन. गोळीचा वेग उलट वाढला.

म्हणजे ७० च्या जागी ३०. निम्म्याहून कमी. हा आकडा मी वाचनाच्या वहीत लिहून ठेवला होता, खाली दोन रेघा मारून. काकांनी विचारलं तेव्हा तीच वही बोलली.

मेट्रोत उभं राहिल्यावर, असल्फा येईपर्यंत मला माझं उत्तर बरोबरच वाटत होतं. मनात मी त्याला आधारही दिला. अँड्र्यू नोबल आणि एबल यांनी १८७५ साली काळ्या दारूवरचा त्यांचा मोठा शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात एक निष्कर्ष असा आहे की काळी दारू जळल्यावर वजनाने सुमारे ४३ टक्केच वायू होतो, बाकीचे ५७ टक्के घन अवशेष आणि धूर. बंदूक झाडल्यावर येणारा तो पांढरा ढग आणि नळीतली काजळी म्हणजे हेच. बिनधुराची दारू जवळजवळ पूर्णच वायू होते. तर मग निम्म्या वजनात साधारण तेवढाच वायू. हिशोब जुळला!

साकीनाक्याला माझ्या लक्षात आलं की हिशोब वायूचा जुळला, दाबाचा नाही.

इथे जरा थांबा, कारण संशोधनाला बसल्यावर तुम्ही हीच चूक वेगळ्या कपड्यांत कराल. एकूण किती वायू तयार झाला, हा एक प्रश्न. तो किती लवकर तयार झाला, हा दुसरा. बंदुकीच्या नळीत दारू पेटते तेव्हा समोरचे छर्रे पुढे सरकत असतात, म्हणजे मागची जागा वाढत असते. वायू सावकाश आला तर जागा वाढायला वेळ मिळतो आणि दाबाचं शिखर बसकं राहतं. वायू एकदम आला तर छर्रे हलायच्या आत शिखर गाठलं जातं, तेवढ्याच वायूने.

काळ्या दारूचा जळण्याचा वेग दाबाप्रमाणे फारसा वाढत नाही. ती जणू आपल्याच चालीने चालते. बिनधुराच्या दारूचं तसं नाही. व्हिएयनेच तो नियम मांडला: जळण्याचा वेग दाबाच्या ठरावीक घातांकाच्या प्रमाणात वाढतो, आणि या दारूंमध्ये तो घातांक १ च्या जवळपास असतो. म्हणजे दाब वाढला की जळणं वाढतं, जळणं वाढलं की दाब वाढतो. त्यात काका काथ्याचा बोळा गजाने ठोकून ठोकून बसवणार, कारण काळ्या दारूला तसंच लागतं. बिनधुराच्या दारूला ती कोंडी म्हणजे आमंत्रणच.

आणखी एक गोष्ट मी विसरलो होतो. छर्र्यांच्या काडतुसात घालतात ती दारू रायफलच्या दारूपेक्षा मुद्दाम जास्त वेगाने जळणारी असते. म्हणजे .३०३ वरून काढलेला माझा आकडा मुळात वेगळ्याच दारूचा होता. आणि तो ग्रेनमध्ये होता, वजनात. काका मोजणार वाटीने, घनफळात. दोन्ही दारूंची घनता वेगळी, दाण्यांचा आकार वेगळा. 'निम्मी' म्हणजे निम्मी काय?

बरं, मग अगदीच चिमूटभर घातली तर? तेही ठामपणे सांगता येत नाही. गरजेपेक्षा कमी बिनधुराची दारू भरल्यावर शस्त्र फुटल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांच्या कारणांवर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही.

मरोळ नाक्याला फोन लावला. 'आपण संपर्क करत असलेली व्यक्ती'. चकाल्याला परत. तेच.

घरी, अंधेरीला, कागद घेऊन बसलो. आता प्रश्न उरला नळीचा. ती किती सोसेल? सवयीने मी पातळ भिंतीच्या नळकांड्याचं सूत्र लावलं: भिंतीतला ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. आतली त्रिज्या ९.२५ मिमी, म्हणजे साधारण १२ बोअर. जाडी उदाहरणादाखल ४ मिमी. दाब ५० मेगापास्कल, म्हणजे ५०० बार. उत्तर आलं ११६ मेगापास्कल. जुनं घडीव लोखंड साधारण २०० च्या आसपास कायमचं ताणायला लागतं. वा, बरीच जागा आहे.

पण त्रिज्या ९ आणि जाडी ४, ही भिंत पातळ कुठे आहे? पातळ भिंतीचं सूत्र जाडी त्रिज्येच्या दहाव्या भागाहून कमी असेल तेव्हा वापरायचं. इथे लामेचं, जाड भिंतीचं सूत्र हवं. ते लावल्यावर आतल्या पृष्ठभागावरचा ताण निघतो १४५. म्हणजे पातळ सूत्राने मी धोका वीस टक्क्यांनी कमी दाखवला होता. आणि दाब ५० ऐवजी १५० झाला तर तोच ताण ४३५. तिथे जुन्या लोखंडाचा प्रश्नच उरत नाही, त्यातही नळीला आतून गंज, एखादी जुनी चीर, पावसाळ्यात ओल धरलेली बोंडी. साठ वर्षं काही झालं नाही, हा तिच्या ताकदीचा पुरावा नाही. साठ वर्षं ती काळी दारूच खात होती, एवढाच त्याचा अर्थ.

ब्रिटनमध्ये या नव्या दारूसाठी नळ्यांची वेगळी चाचणी सुरू करावी लागली आणि त्यात टिकलेल्या नळीवर वेगळा ठसा मारला जाऊ लागला, तो यासाठीच. ठसा नसलेली जुनी नळी म्हणजे काळ्या दारूचीच नळी. आजोबांच्या बंदुकीवर असला ठसा नाही.

आणि लष्कराच्या नव्याकोऱ्या रायफलीलाही कॉर्डाइट सुखासुखी पचलं नाही, हे माझ्या त्या दोन रेघांखाली लिहिलेलं नव्हतं. ली-मेटफर्डच्या नळीतले आटे उथळ आणि गोलसर होते. काळ्या दारूची काजळी साचू नये म्हणून ते तसे मुद्दाम केलेले. कॉर्डाइटच्या ज्वाळेचं तापमान इतकं जास्त की ते आटे भराभर झिजू लागले. शेवटी १८९५ साली खोल, चौकोनी कडांचे एनफिल्ड आटे आणले आणि रायफलचं नाव बदलून ली-एनफिल्ड झालं. दारू बदलली म्हणून बंदूक बदलावी लागली. काकांच्या प्रश्नाचं ऐतिहासिक उत्तर खरं तर हे होतं.

आता या गोष्टीतला माझ्या आवडीचा भाग, थोडा तांत्रिक आहे पण सोडू नका.

दाब किती होता हे त्या लोकांना कळत कसं होतं? बंदुकीतला दाब एक-दोन मिलिसेकंदांत चढतो आणि उतरतो, काट्याचा मीटर तिथे कामाचा नाही. काउंट रम्फर्डने १७९७ साली छापलेल्या प्रयोगांत एका छोट्या, जाड भांड्यात दारू पेटवून वरचं किती वजन उचललं जातं ते पाहिलं. त्याचे दाबाचे आकडे नंतरच्या मोजमापांच्या मानाने काही पटींनी मोठे निघाले. १८६० च्या आसपास अमेरिकेत रॉडमनने एक पाती तांब्यात किती रुतते ते मोजलं. मग नोबलचा 'क्रशर' आला: नळीला भोक पाडायचं, त्यात दट्ट्या, दट्ट्यामागे तांब्याचं छोटं नळकांडं. बार उडाला की तांबं चेपतं. किती चेपलं ते मोजायचं आणि तक्त्यात बघून दाब लिहायचा.

पद्धत सुंदर आहे. पण तो तक्ता तांब्यावर सावकाश वजन ठेवून बनवलेला असतो, आणि बंदुकीत तांब्याला चेपायला मिळतो क्षणभर वेळ. म्हणून तांबं खऱ्या शिखरापेक्षा कमी सांगतं. आज स्फटिकाचे पिझो सेन्सर वापरतात, ते पूर्ण आलेख देतात.

आता .३०३ कडे परत या. ब्रिटनमधून नागरी बाजारात विकल्या गेलेल्या ली-एनफिल्डच्या नळीवर चाचणीगृहाचा ठसा सापडतो: '१८.५ टन'. म्हणजे दर चौरस इंचाला १८.५ टन. तुम्ही हौशीने गुणाकार कराल. कुठला टन? ब्रिटिश टन २२४० पौंडांचा, म्हणजे ४१,४४० पौंड. चुकून अमेरिकन टन धरलात तर ३७,०००. पण थांबा. अमेरिकेतल्या 'सामी' या संस्थेच्या मानकात त्याच काडतुसाची कमाल मर्यादा तांब्याच्या क्रशरने ४५,००० आणि पिझो सेन्सरने ४९,००० पौंड दिली आहे. युरोपातल्या 'सीआयपी'ची मर्यादा आहे ३६५० बार, म्हणजे सुमारे ५२,९०० पौंड.

एकच काडतूस आणि चार आकडे. कोण खोटं बोलतंय?

कोणीच नाही. ब्रिटिशांचा क्रशर काडतुसाच्या बुडामागे बसवलेला असायचा, काडतुसाला तेल लावून, आणि बुडावर येणारा जोर मोजायचा. अमेरिकन क्रशर नळीच्या बाजूने. पिझो तिसऱ्याच तत्त्वावर. शिवाय सामी आणि सीआयपी यांची सेन्सर बसवण्याची जागा आणि रीत एकसारखी नाही. प्रत्येक आकडा आपल्या उपकरणासकट खरा आहे, उपकरण सोडून एकटा फिरू लागला की खोटा. एखाद्याने जुन्या रायफलवरचा १८.५ टन वाचला, तो ४१,४४० केला आणि आधुनिक पुस्तकातल्या पिझोच्या आकड्याशेजारी ठेवला, तर त्या तुलनेतून काहीच सिद्ध होत नाही, ना रायफल कमजोर, ना मजबूत. तुमच्या विषयात बंदुका नसतील. पण १९३० सालचा एखादा तक्ता आणि गेल्या वर्षीचं मोजमाप एकाच आलेखावर काढायचा मोह तुम्हाला होईलच.

अमेरिकेतल्या हातभरणीच्या पुस्तकांत याची एक चांगली खूण दिसते. .४५-७० हे तिथलं १८७३ सालचं काडतूस. त्याच्यासाठी पुस्तकांत तीन वेगवेगळे तक्ते असतात: जुन्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्डसाठी सगळ्यात सौम्य, नंतरच्या लिव्हर रायफलींसाठी मधला, आधुनिक मजबूत रायफलींसाठी वरचा. तिन्ही भरण्या तिन्ही बंदुकींत व्यवस्थित बसतात. बसतं म्हणून चालतं, असं नाही.

आपल्याकडचं उदाहरण इशापूरचं. १९६२ च्या युद्धानंतर तिथल्या रायफल फॅक्टरीने जुन्या ली-एनफिल्डचीच रचना ठेवून ७.६२ मिमी नाटो काडतुसाची २ए आणि मग २ए१ रायफल बनवली. या काडतुसाचा दाब .३०३ पेक्षा जास्त. सीआयपीच्या मापात त्याचं नागरी भावंड .३०८ विंचेस्टर ४१५० बारवर आहे, .३०३ च्या ३६५० समोर. तर इशापूरने काय केलं? जुन्या रायफलींना नव्या नळ्या लावून दिल्या नाहीत, पोलाद बदलून नव्याने घडवल्या. बाहेरून ओळखीची, आतून वेगळी. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे जुन्या घराक स्लॅब घालूचो नाय." इतकं नेमकं मला अजून लिहिता आलेलं नाही.

तपमानाचंही एक आहे. काडतुसांच्या दाबाची चाचणी २१ अंश सेल्सिअसला करायची रीत आहे. उन्हात तापलेली दारू जास्त वेगाने जळते आणि दाब वाढतो. उष्ण हवेत कॉर्डाइट साठवणं हीसुद्धा मोठीच डोकेदुखी होती, कारण ते हळूहळू आपोआप विघटन पावतं. खडकीला दारूगोळा कारखाना १८६९ पासून होता, तमिळनाडूतल्या अरुवनकाडूला कॉर्डाइटचा कारखाना १९०३ साली आला, आणि १९०८ साली नैनितालला लष्करी रसायन परीक्षकाची एक छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. आज पुण्यात पाषाणजवळ असलेली उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आपलं मूळ तिथे सांगते. रे रोडला उतरून दारूखान्यात कधी गेलात तर नाव ऐकून हसू नका. दारू म्हणजे बंदुकीची, आणि जवळच्या माझगावात गनपावडर रोड आहे.

कायद्याचं राहिलं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, आणि 'दारूगोळा' या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात. यूट्यूबवर गॅरेजमध्ये काडतुसं भरणारे अमेरिकन आजोबा बघताना हे लक्षात असू द्या. शेजाऱ्याचं काडतूस घेऊन फोडणं हे शास्त्राने चूक आणि कायद्यानेही चूक. मी फोनवर दोन्हींना होकार दिला होता.

रात्री साडेनऊला फोन लागला. मी एका दमात सगळं बोललो: घालू नका, निम्मीही नको, चिमूटही नको, ते काडतूस फोडू नका. काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, बंदूक घरात आहेच कुठे? विधानसभेची आचारसंहिता लागली तेव्हाच पोलीस ठाण्यात जमा केली, निकालानंतर मिळेल. ते नुसते आधीपासून विचारून ठेवत होते.

तीन तास मी घामाघूम झालो होतो आणि बंदूक चौकीत कुलपात होती.

पुढच्या खेपेला बाबा गावाहून येताना आजोबांची पितळी वाटी घेऊन आले, मी मागवली होती म्हणून. आत एक रेघ कोरलेली आहे, हाताने, जरा तिरकी. त्या रेघेच्या वर पितळ अगदी स्वच्छ आहे, खाली काळं पडलंय. इतक्या वर्षांत आजोबांनी रेघ ओलांडलेली दिसत नाही.

काकांना परत काळी दारू मिळाली नाही. माकडं अजून येतात. परवा विचारलं तर म्हणाले, "मगे येताना दोन पेट्ये फटाके घेवन ये." रेल्वेत फटाके नेता येत नाहीत, हे सांगितल्यावर त्यांनी कुडाळच्या बाजारातून आणले, आणि पैसे माझ्याकडून गुगल पेने मागवले.